जुन्या डिझेल पिकअपचा फीड पंप: तपासायचा कसा, बदलायचा कसा

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी उठत नाही. बॉनेट उघडून प्रायमरची, म्हणजे हाताने डिझेल चढवायच्या पंपाची, टोपी दहा-पंधरा वेळा दाबली की चालू होते. रिकामी असली तर दिवसभर कुरकुर न करता पळते आणि कांद्याच्या गोण्या भरून घाटाला लागली की मान टाकते. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलात तर निम्म्या ठिकाणी एकच उत्तर मिळेल: फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे पाठवणारा छोटा पंप) गेला, नवा टाका.

गेलाही असेल. पण पुष्कळदा पंप धडधाकट असतो आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात कुठेतरी गाडी हवा ओढत असते. नवा पंप टाकताना वायसर बदलले जातात, पाइप नीट आवळले जातात, गाडी सुधारते आणि श्रेय पंपाला मिळतं. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे. ज्याने आजवर ऑइल-फिल्टर बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही, त्यालाही हे काम जमतं. घाई मात्र करायची नाही.

तुमच्या गाडीत कुठला पंप आहे?

बॉनेट उघडा आणि नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांकडे) जाणारे लोखंडी पाइप कुठून निघतात ते बघा. ते एका लांबट पेटीच्या डोक्यावरून रांगेत निघत असतील तर तो इनलाइन पंप. नोझलना दाबाने डिझेल देणारा हाच मेन पंप. फीड पंप याच पेटीच्या कुशीत, तीन नटांवर बसवलेला असतो आणि त्याच्या एका बाजूला फिरवून उघडायची टोपी असते. ती टोपी म्हणजे हाताने डिझेल चढवायचा प्रायमर. हा लेख मुख्यतः या पंपाबद्दल आहे.

पाइप एका गोलसर पंपाच्या तोंडातून वर्तुळात निघत असतील तर तो रोटरी. त्याच्या पोटातच डिझेल ओढणारा छोटा पंप असतो. काही गाड्यांत त्याच्या जोडीला इंजिनच्या अंगावर डायाफ्रामचा (लवचीक पडद्याचा) वेगळा पंप दिलेला असतो. दुकानात तो ‘एसी पंप’ म्हणून मागितला की मिळतो. तो काढण्या-बसवण्याची रीत बरीचशी अशीच आहे, फरक पुढे येईल तिथे सांगतो.

गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) असेल तर इथेच थांबा. त्या पाइपांत हजार बारच्या पुढचा दाब असतो, आणि तिथे अंदाजाने पाना लावण्याची सोय नाही. पेट्रोल पिकअपही या लेखात नाही. तिथे आगीचा हिशेबच वेगळा.

जुन्या पंपावर बहुधा ‘मायको’चा शिक्का दिसेल. १९५१ साली सुरू झालेल्या, बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं हे नाव. २००८पासून ती बॉश लिमिटेड झाली. तेव्हा जुना पंप मायकोचा आणि नवा बॉशच्या खोक्यातला निघाला तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

आत काय चालतं

मेन पंपाच्या कॅमवर, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावर, एक उंचवटा असतो. तो फिरताना फीड पंपाचा रोलर आत ढकलतो, स्प्रिंग त्याला परत बाहेर आणते. त्या ये-जा करण्याने प्लंजर (आतला छोटा दट्ट्या) टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मेन पंपाकडे साधारण दीड-दोन बार दाबाने पाठवतो. दोन छोटे व्हॉल्व्ह डिझेलला मागे फिरू देत नाहीत. सगळं यंत्र मुठीत मावेल एवढं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं जाईल. पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असतो, म्हणून तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि दिसतं. टाकीपासून पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथे चीर पडली तर बाहेर टिपूसही येत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा भरते, पाइपातलं डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसते. खाली जमीन कोरडी म्हणून पाइप चांगला, हा हिशेब इथे चुकतो.

पंपावर आळ घेण्याआधी

टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि चांगल्यातला चांगला पंपही डिझेल ओढू शकत नाही. झाकण सैल ठेवून एक फेरी मारा. गाडी सुधारली तर खर्च संपला.

मग जाळी. फीड पंपाच्या तोंडाशी वाटीत किंवा बोल्टच्या पोटात बारीक जाळी असते. कॅनने डिझेल भरलेल्या आणि पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत तिथे काळा चिकट गाळ सापडतो. जाळी डिझेलमध्ये ब्रशने धुवा, फाटली असेल तर बदला. फिल्टर शेवटी कधी बदलला हे आठवत नसेल तर तोही आत्ताच बदला.

आता हवेची शंका. फीड पंपात येणाऱ्या पाइपात हातभर पारदर्शक नळी जोडा, दोन्ही टोकांना क्लिप आवळा आणि गाडी चालू करा. पहिला अर्धा मिनिट बुडबुडे येणारच. त्यानंतरही येत राहिले तर दोष पंपाच्या मागे आहे. रबरी पाइप क्लिपच्या जवळ वाकवून बघा, बारीक तडे तिथेच उघडतात.

तरी खात्री होत नसेल तर टाकी वगळूनच बघायचं. स्वच्छ कॅनमध्ये चार-पाच लिटर गाळलेलं डिझेल घ्या आणि नव्या नळीने थेट फीड पंपाला द्या. कॅन जमिनीच्या जवळ, टाकीच्या उंचीला ठेवा. बॉनेटवर ठेवलात तर डिझेल आपल्या वजनानेच उतरेल आणि मेलेला पंपही पास होईल. कॅनवर गाडी गुळगुळीत चालली तर टाकी ते पंप हा पाइप बदला, पंपाला हात लावू नका.

कॅनवरही तीच रड असेल तर पंपाचा जोर बघा. बाहेर जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा, दुसऱ्याला इंजिन बंद करायची स्टॉप केबल ओढून धरत पाच-सात सेकंद सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला जाड पिचकारी आली पाहिजे. लाळ गळल्यासारखं डिझेल आलं तर पंप दमलाय. पिचकारी जोरदार असूनही लोडवर गाडी मरत असेल तर मेन पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासून घ्या. त्याची स्प्रिंग मऊ पडली की फीड पंपाने पाठवलेलं डिझेल दाब न धरता टाकीत परत जातं. स्वस्तातला भाग आहे, पण आठवतो शेवटी. हा परतीचा पाइप (रिटर्न) बंद करून टाकण्याचा तोडगा कुणी सुचवला तर ऐकू नका.

प्रायमर दाबतानाचा हाताला लागणारा अनुभवही बोलका असतो. टोपी सैलसर, पोकळ वाटली तर हवा आहे किंवा व्हॉल्व्ह बसत नाहीत. एकदम घट्ट, दाबलीच जात नाही असं झालं तर पुढे फिल्टर तुंबलाय. टोपीच्या बुडाशी ओल असेल तर फक्त प्रायमर बदलून भागतं, तो सुटा मिळतो.

आणि एक खूण जिच्यावर चालढकल करायची नाही. इंजिन ऑइलची पट्टी काढा. पातळी खुणेच्या वर गेली असेल, ऑइल पातळ झालं असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाच्या रोलरच्या दांड्याजवळून डिझेल ऑइलमध्ये उतरत असू शकतं. एसी पंपात हेच डायाफ्राम फाटल्यावर होतं. असल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. गाडी उभी करा, पंप बदला आणि ऑइल-फिल्टरही त्याच दिवशी बदला.

किट की नवा पंप?

दुरुस्तीच्या किटमध्ये व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रबरी रिंगा, वायसर येतात. व्हॉल्व्ह थकले असतील आणि प्लंजरची भिंत गुळगुळीत असेल तर किट पुरतं. भिंतीवर उभे ओरखडे दिसले, किंवा दांडा आपल्या भोकात हलतोय असं जाणवलं, तर किटचे पैसे वाया. भेसळीचं, रॉकेल मिसळलेलं डिझेल खाल्लेल्या गाडीत हेच दिसतं, कारण त्या डिझेलला वंगण कमी असतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच काम करणाऱ्याने अख्खा नवा पंप घ्यावा. बारीक व्हॉल्व्ह उलटा बसवून दिवसभर एअर काढत बसण्यापेक्षा ते बरं.

दुकानात जाताना जुना पंप सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी ‘पंप-नोझल’ची पाटी असलेल्या दुकानात काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवून बघा: फ्लँजची (पंप बसतो त्या सपाट कडेची) भोकं, रोलरचा दांडा बाहेर किती येतो, आत-बाहेरचे बाण कुठल्या दिशेला, पाइपांचे आटे. ‘सगळ्यांना हाच बसतो’ म्हणणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दांडा कमी-जास्त असला तर पंप बसतो, पण एकतर डिझेल कमी देतो किंवा कॅमवर घासतो. बनावट माल या बाजारात भरपूर आहे. छपाई फिकट, ओतकामाच्या कडा बोचऱ्या आणि किंमत निम्मी असेल तर पंप परत करा. पंपाबरोबर नवं पॅकिंग आणि तांब्याचे नवे वायसर घ्यायचेच. चार रुपयांचा जुना वायसर परत वापरून काम दोनदा करणारे पुष्कळ आहेत. वायसर मिळालाच नाही, गाव लांब आहे, तर जुना तांब्याचा वायसर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. ही वेळ मारून नेण्याची युक्ती, नेहमीची नव्हे.

पाना उचलण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश आहे. वैशाखात चंद्रपूर-जळगावकडे सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो. बिडी-सिगारेट लांब, वाळूची बादली जवळ.

१०, १३, १७ आणि १९चे रिंग पाने लागतात. फिक्स पान्याने बँजो बोल्टची (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) डोकी गोल होतात, तो टाळा. पसरट ट्रे, चिंध्या, पाइपांची तोंडं बंद करायला दोन स्वच्छ बोल्ट किंवा प्लास्टिकच्या टोप्या, आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी. काढण्याआधी पंपाचे तीन बाजूंनी फोटो घ्या, पाइपांचा वळसा दिसेल असे.

पंप काढणे

आधी धूळ काढा. पंपाभोवती वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर असतो. त्यातला एक कण मेन पंपात गेला तर फीड पंपाच्या कित्येक पट खर्च होतो. ब्रश आणि डिझेलने धुवा, पुसून कोरडं करा.

टाकीकडून येणारा बँजो बोल्ट आधी सोडा. टाकी भरलेली असेल तर डिझेल आपसूक वाहत राहील, म्हणून तोंड लगेच बुजवा. मग फिल्टरकडे जाणारा सोडा. दोन्ही पाइपांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक वायसर असतो. चारही हातात आले का मोजा. एखादा जुना वायसर पाइपालाच चिकटून राहतो आणि त्याच्यावर नवा चढवला की गळती ठरलेली.

आता फ्लँजचे तीन नट, बहुतेक ठिकाणी १३चा पाना. आतला जवळपास हाताने अंदाज घेऊनच सोडावा लागतो. तिन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने सैल करा. आतली स्प्रिंग पंपाला बाहेर ढकलेल, तिला एकाच कोपऱ्यात ताण देऊ नका. पंप सुटताना थोडं ऑइल सांडतं. ते मेन पंपाच्या पेटीतलं आहे, घाबरू नका. पण ते पाण्यासारखं पातळ आणि डिझेलच्या वासाचं असेल तर वर सांगितलेलं ऑइल बदलण्याचं काम यादीत आलं.

उघड्या भोकात स्वच्छ चिंधी कोंबा आणि ती बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे बसवताना विसरणार नाही. टॉर्चने आतला कॅम बघा: चकचकीत असावा, खड्डे नसावेत. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या तुकड्याने खरवडा. ब्लेडने अॅल्युमिनियमवर रेघा पडतात आणि तिथून ऑइल झिरपतं.

नवा पंप बसवणे

नव्या पंपाच्या रोलरला थोडं इंजिन ऑइल लावा. कोरडं पॅकिंग ठेवा. सिलिकॉनचा थर द्यायची सवय असेल तर इथे आवरा. दाबून आत गेलेला जास्तीचा सिलिकॉन पेटीत तुटून फिरतो.

पंप जागेवर धरा आणि दाबा. फ्लँज टेकला तर उत्तम. पाच-सहा मिलिमीटर फट राहिली आणि स्प्रिंग उलट ढकलत असेल तर कॅमचा उंचवटा नेमका समोर आला आहे. इथेच बहुतेक नवखे नट आवळून पंप ओढून बसवतात आणि फ्लँजचा कान तडकतो. तसं करू नका. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरण्याच्या दिशेने थोडं-थोडं फिरवा आणि पंप दाबून बघत राहा. एका क्षणी तो हातानेच जवळजवळ पूर्ण टेकतो. मग तिन्ही नट हाताने लावा आणि आळीपाळीने आवळा. १३च्या आखूड पान्याला एका हाताचा जोर पुरे, वर पाइप चढवून ताकद लावायची नाही.

पाइप लावताना फोटो आणि बाण दोन्ही बघा. प्रायमर असलेली बाजू साधारणपणे टाकीकडची, म्हणजे ओढीची असते. पाइप उलटे लागले तर कितीही प्रायमर मारा, डिझेल चढणार नाही. बँजो बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे जाऊ द्या. तिरका आटा पकडला की नवा पंप तिथेच बाद.

एअर काढणे

टाकीत किमान पाव टाकी डिझेल हवं. प्रायमरची टोपी फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, खाली चिंधी धरा आणि प्रायमर मारायला लागा. सुरुवातीला नुसती हवा, मग फसफसणारा पांढरट फेस, मग बुडबुडे आणि मग अखंड धार. धार चालू असतानाच, टोपी दाबलेली धरून, स्क्रू आवळा. टोपी सोडल्यावर आवळलात तर हवा परत आत. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, मेन पंपाकडचा नंतर. त्यानंतर मेन पंपावरच्या एअर स्क्रूला हेच करा.

कंटाळवाणं काम आहे, अंगठा दुखतो. पण फेस पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर पुढचं सगळं पटकन होतं.

सगळे स्क्रू बंद झाल्यावर प्रायमरची टोपी दाबून पूर्ण आवळा. ही टोपी उघडी राहिल्याने दुसऱ्या दिवशी ‘नवा पंप खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे कमी नाहीत.

बॅटरीची तार जोडा, सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळते. दोन-तीन प्रयत्नांत उठली नाही तर नोझलच्या टोकाचे दोन पाइप अर्धा-एक आटा सैल करा आणि परत सेल्फ मारा. तिथून डिझेल थेंबाथेंबाने उडायला लागलं की ते आवळा, गाडी उठेल. या वेळी चेहरा लांब ठेवा आणि गळती बोटाने चाचपू नका. नोझलकडच्या पाइपात शेकडो बारचा दाब असतो, बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. जखम सुईएवढी दिसते, दुखत नाही, आणि तरीही ती तातडीने दवाखान्यात जाण्याचीच गोष्ट आहे. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

चालू झाल्यावर

पाच मिनिटं आयडलवर ठेवा. इंजिन थोडं अडखळेल, उरलेली हवा निघून जाईल. प्रत्येक जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा टेकवा, ओल लगेच दिसते. मग लोड न भरता एक फेरी, त्यात एखादा चढ आणि उतरल्यावर पुन्हा तोच कागद.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची. प्रायमरला हात न लावता पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठली तर काम झालं. नाही उठली, तर नव्या पंपाला शिव्या न देता पारदर्शक नळी परत लावा आणि बुडबुडे शोधा. बहुधा टाकीकडच्या बँजोचा वायसर नीट बसलेला नसतो. आठवड्याने बोल्ट एकदा हलकेच तपासा आणि ऑइलची पट्टी बघा. पातळी वाढत नसेल तर बॉनेट बंद करा.

सांडलेलं आणि काढलेलं डिझेल गटारात किंवा बांधावर ओतू नका. गाळून पुढच्या वेळी भाग धुवायला ठेवा. जुन्या पंपाचा प्रायमर आणि बोल्ट चांगले असतील तर काढून टूलबॉक्समध्ये टाका, बाकीचं भंगारात.